जांभई देणारा बसचालक

भाऊजी: तोंड माझं, दात माझे, आत लोंबतेय ती पडजीभसुद्धा माझी. मग तो फोटो ज्ञानकोशातून काढून टाकायला अख्ख्या जगाला कशाला विचारायचं, वहिनी?

वहिनी: कारण तुम्ही सही केलीय, भाऊजी.

भाऊजी: मला वाटलं कुरिअर आलंय.

वहिनी: कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. माझा हा फोटो कुणीही, कुठेही, कशासाठीही, कायमचा वापरावा. मी वाचून दाखवलं होतं तुम्हाला.

भाऊजी: तेव्हा मी जांभई देत होतो. जांभई देताना माणसाचे कान बंद होतात.

ग्रीसडबा: याला काही संदर्भ?

भाऊजी: कशाला?

ग्रीसडबा: कान बंद होतात, याला. एखादं पुस्तक, नियतकालिक. आपल्या लेखात कानांबद्दल फक्त दीड ओळ आहे.

भाऊजी: वहिनी, हे गृहस्थ कोण? मघापासून खुर्ची पुढे ओढून ओढून माझ्या तोंडात बघतायत. दातांचे डॉक्टर आहेत का?

वहिनी: हे ग्रीसडबा काका. इंटरनेटवर कुणालाही लिहिता येतं, त्या ज्ञानकोशातले. तिथे लिहिणाऱ्याने एक टोपणनाव घ्यायचं असतं. काकांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून ग्रीसडबा. लेखाला संदर्भ कसे जोडायचे ते मला यांनीच शिकवलं. सहा वर्षं रोज बोलतोय आम्ही, चेहरा आज पहिल्यांदा बघतोय.

ग्रीसडबा: आणि यांनी माझं लिखाण सरळ केलं. माझं वाक्य तळमजल्यावर सुरू व्हायचं आणि नवव्या मजल्यापर्यंत थांबायचं नाही. जेवणानंतरबाई मधे मधे दारं बसवून द्यायच्या.

भाऊजी: आता ह्या जेवणानंतरबाई कोण?

वहिनी: मी. माझं टोपणनाव ‘दोन वेळा जेवणानंतर’. औषधाच्या काउंटरवर दिवसभर तेच तर बोलते मी. हसा, हसून घ्या.

भाऊजी: मी कशाला हसतोय. हसायचं काम सध्या माझ्या बायकोकडे आहे. तिने माझा फोन उचलणं बंद केलंय. म्हणते, तुमचा आवाज ऐकला की तो फोटो डोळ्यांपुढे येतो आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर हसू फुटतं. आणि उद्या अकरा वाजता मला डेपोसाहेबांसमोर उभं राहायचंय.

ग्रीसडबा: बाईंनी ज्ञानकोशातल्या माझ्या पानावर फक्त ‘मदत हवी, घरचा मामला’ एवढंच लिहिलं. मी दोन बस बदलून आलो. मला पहिल्यापासून सांगा. सावकाश.

भाऊजी: माझ्या गाडीत पहिल्या सीटवर एक प्रवासी बसतो. रोज. कुठे उतरायचं हे त्याला स्वतःला माहीत नसतं, पण ब्रेक कसा दाबायचा हे मला शिकवतो. त्या माणसाने ज्ञानकोशात ‘जांभई’ उघडलं. का उघडलं, त्याचं त्याला ठाऊक. वरच माझं तोंड, गुहेसारखं. खाली लिहिलंय, ‘जांभई देणारा बसचालक’. त्याने रंगीत प्रत काढली, तिला प्लॅस्टिक चढवलं आणि अर्ज ठोकला, की सदर चालक गाडी चालवताना झोपतो, पुरावा सोबत. मी साहेबांना म्हटलं, अहो, मी घरी बसलो होतो. तर साहेब म्हणाले, यात घर कुठे दिसतंय? वर युनिफॉर्मची कॉलर आहे, मागे काळी खिडकी आहे, आणि ज्ञानकोशात आलंय म्हणजे चार शहाण्या माणसांनी तपासलं असेलच.

ग्रीसडबा: आठ.

भाऊजी: काय आठ?

ग्रीसडबा: आठ जणांनी तपासलं. मतं पडली होती. हा फोटो लेखात ठेवायचा की नाही, यावर.

भाऊजी: आणि?

ग्रीसडबा: आठ शून्य. नोंद घ्या, इतकं एकमत आमच्यात पाण्याच्या लेखावरसुद्धा झालेलं नाही.

वहिनी: तेव्हा तक्रार कुठे होती, भाऊजी. आणि फोटो खरंच चांगला आलाय. जबडा पूर्ण उघडा, डोळे अर्धे मिटलेले, उजेड बरोबर टाळूवर. त्याआधी तिथे एक पाणघोडा होता.

भाऊजी: होता तर होता. त्याची नोकरी जाणार होती का?

वहिनी: मी प्रयत्न केला ना. परवा दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधे गुपचूप काढून टाकला तुमचा फोटो. अकरा सेकंदांत कुणीतरी परत आणून ठेवला. कोण मेला टपून बसलेला असतो, काय माहीत.

ग्रीसडबा: मी.

वहिनी: तुम्ही?

ग्रीसडबा: तुम्ही कारण लिहिलं नव्हतंत, बाई. कारण न देता काढलेली गोष्ट मी परत ठेवतो. तुम्हीच काय, माझ्या आईने काढली असती तरी ठेवली असती.

भाऊजी: वाहवा. म्हणजे माझ्या मदतीला तुम्ही त्यालाच बोलावलंत, वहिनी, ज्याने मला परत तिथे टांगला.

वहिनी: काका, तुम्हाला माहीत होतं, की हे माझे दीर आहेत?

ग्रीसडबा: नव्हतं. असतं तरी फरक पडला नसता. पण आता आलोय ना मी. काढायचा तर रीतसर काढू. रीत एकच. याच्यापेक्षा चांगली जांभई आणून द्यायची.

भाऊजी: मग द्या की. जगात माणसं काय कमी आहेत?

ग्रीसडबा: चांगली म्हणजे खरी. नाटकी चालत नाही, ओळखू येते. चेहरा पूर्ण हवा, माणूस सज्ञान हवा, त्याची लेखी संमती हवी. आणि सात दिवस चर्चा.

भाऊजी: सात दिवस? मला उद्या सकाळी...

वहिनी: म्हणून तर आज रविवारी दुपारी कॅमेरा घेऊन बसलोय ना. आधी जांभई मिळवू, सात दिवसांचं मी बघते. 

(दोन तास जातात.)

वहिनी: दोन तास झाले, अजून एक धड निघाली नाही.

भाऊजी: तुमच्यामुळे. काकांनी तोंड उघडलं की वरची कवळी खाली येते. तुम्ही उघडलं की हात आपोआप तोंडावर. मी तुमचा हात धरून ठेवला तर तुम्हाला शिंक आली.

वहिनी: लहानपणापासूनची सवय आहे. आईने चापट मारून लावलेली. ती काय ज्ञानकोशासाठी मोडायची?

ग्रीसडबा: आपण परत लेखाचं वाचन करू. मघाशी तिसऱ्या परिच्छेदाला थोडा परिणाम जाणवला होता. ‘जांभई ही अनैच्छिक क्रिया असून तीत जबडा विस्फारला जाऊन दीर्घ श्वास आत घेतला जातो व तदनंतर...’

वहिनी: काका, हा परिच्छेद तुम्ही लिहिलाय?

ग्रीसडबा: हो. का?

वहिनी: ‘तदनंतर’वरून ओळखलं.

ग्रीसडबा: ‘...तदनंतर तो तुलनेने अल्प काळात बाहेर सोडला जातो. कित्येक प्राण्यांमध्ये, विशेषतः पृष्ठवंशीय...’

(भाऊजी जांभई देतात. लांबलचक, शेवटी कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज काढत.)

ग्रीसडबा: अरे बाप रे. बाई, कॅमेरा.

भाऊजी: खबरदार.

ग्रीसडबा: ही पहिल्यापेक्षा सरस होती. आवाजासकट. आपल्याकडे ध्वनिफीत नाहीये जांभईची.

भाऊजी: कॅमेरा खाली ठेवा. वहिनी, त्यांना सांगा खाली ठेवायला. मी इथे नोकरी वाचवायला बसलोय आणि तुम्ही माझा दुसरा भाग काढताय.

वहिनी: काका, ठेवा खाली. आज तरी.

भाऊजी: मला एक सांगा. फोटो राहिला तर राहू दे, फोटोने मी मरत नाही. साहेबांनी बोट ठेवलंय ते खालच्या ओळीवर. ‘बसचालक’. ‘माणूस’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? जगातला कुठलाही माणूस जांभई देतो. बसचालक लिहायची काय गरज होती?

वहिनी: मी ‘माणूस’च लिहिलं होतं. तर कुणीतरी चर्चापानावर चार दिवस माझ्या मागे लागलं, की माणूस म्हणजे कोण, नेमकं लिहा, ज्ञानकोश आहे, गप्पांचा कट्टा नाही.

भाऊजी: कोण कुणीतरी?

वहिनी: बघा ना, कोण छताकडे बघतंय.

ग्रीसडबा: नेमकेपणा चूक नसतो, बाई. ते बसचालक आहेत की नाहीत?

भाऊजी: उद्या अकरानंतर नसेन. साहेबांनी बोलूनच दाखवलंय. चौकशी होईपर्यंत गाडी काढून घेणार आणि मागच्या शेडमध्ये टायर धुवायला बसवणार. एकवीस वर्षं गाडी चालवतोय मी. आरशाला कधी ओरखडा नाही. आणि तुमच्या एका शब्दापायी मी टायर धुणार. फुकट काम करता, कुणी बोलावलेलं नसतं, कुणी पगार देत नाही, मग एवढा माज कशाचा तुम्हाला? नेमकं लिहा म्हणे. नेमकं लिहायचं होतं तर मी कुठे बसलो होतो ते लिहायचं. याच खुर्चीत बसलो होतो. याच स्वयंपाकघरात. ते का नाही दिसत फोटोत?

वहिनी: थांबा. खरंच का नाही दिसत? मी त्या गॅसपाशी उभी राहून फोटो काढला होता. मला चांगलं आठवतंय, सगळं आलं होतं त्यात. ओटा, भांड्यांची जाळी, भिंतीवरचं घड्याळ.

ग्रीसडबा: मूळ फोटोत पसारा फार होता.

वहिनी: काका?

ग्रीसडबा: मुख्य विषय जांभई. बाकीच्या गोष्टींनी लक्ष विचलित होत होतं. म्हणून मी कडा कापल्या. लपवलेलं नाही काही, फोटोच्या बदलांच्या इतिहासात नोंद आहे. तारीख आहे, कारण आहे.

वहिनी: काय कारण लिहिलंत?

ग्रीसडबा: ‘अनावश्यक चड्डी व टब काढला.’

भाऊजी: वहिनी. चड्डीसकट फोटो काढला होता तुम्ही?

वहिनी: तुम्ही घरात चड्डीवर बसला होता, भाऊजी, मी काय करू? वरती युनिफॉर्मचा शर्ट, खाली ती पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, आणि पाय गरम पाण्याच्या टबात. शर्ट काढायचंसुद्धा त्राण नव्हतं तुमच्यात. मी म्हटलं जेवा, तर तुम्ही उत्तर म्हणून जांभई दिली. मी ज्ञानकोशासाठी भांड्यांच्या जाळीचा फोटो काढत होते खरं तर. तेवढ्यात ही जांभई आली आणि कॅमेरा आपोआप वळला.

भाऊजी: तो फोटो आहे अजून? चड्डीवाला?

ग्रीसडबा: ज्ञानकोशात काहीच मरत नाही. प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. आणि ज्याने फोटो चढवला त्याला आपली मूळ आवृत्ती कधीही परत आणता येते. त्याला चर्चा लागत नाही. सात दिवस नाहीत, सात मिनिटंसुद्धा नाहीत.

वहिनी: हे तुम्ही दोन तासांपूर्वी का नाही बोललात?

ग्रीसडबा: तुम्ही विचारलं होतं, काढायचा कसा. परत आणायचा कसा, हे कुठे विचारलंत?

वहिनी: सहा वर्षं तुमची बाजू घेत आले मी चर्चापानावर. लोक म्हणायचे, हा माणूस म्हणजे भिंत आहे. मी म्हणायचे, नाही हो, मनाने चांगले आहेत. हा बघा, सापडला. भाऊजी, इकडे या. हसणार नाही मी.

भाऊजी: आई गं.

वहिनी: पण स्वयंपाकघर दिसतंय. घड्याळ दिसतंय, दहाला आठ मिनिटं कमी. यात कुणालाही बस दिसली तर मी काउंटर सोडेन.

भाऊजी: टबात पाय घालून गाडी कोण चालवेल? ठीक आहे. साहेबांच्या तोंडावर मारता येईल. पण वहिनी, हा फोटो लावला की जग बघणार. गादीच्या दुकानवाल्यांनी आधीच माझं तोंड पाटीवर लावलंय, तुम्हीच दाखवलंत. आता चड्डीही लावतील.

ग्रीसडबा: ते पत्र बघू.

भाऊजी: कुठलं?

ग्रीसडबा: डेपोचं. बोलावलंय ते. मूळ कागद वाचल्याशिवाय मी कुठलंही मत देत नाही. मघापासून आपण सगळे ऐकीव माहितीवर भांडतोय.

भाऊजी: घ्या. त्यात काय, धमकी आहे नुसती.

ग्रीसडबा: ‘...तक्रारदाराने जोडलेल्या छायाचित्रावरील दिनांकाची या कार्यालयाच्या नोंदवहीवरून पडताळणी केली असता, सदर दिवशी आपण पहाटे चार पन्नास ते रात्री नऊ दहा या वेळेत कामावर होतात असे दिसून येते. सबब छायाचित्र कामावर असतानाचे असल्याचे सिद्ध होते.’ बाई, फोटोच्या माहितीपानावर वेळ काय आहे?

वहिनी: कॅमेऱ्याने लिहिलेली? नऊ बावन्न. भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतेय. म्हणजे सुटल्यावर बेचाळीस मिनिटांनी. झालं की, यांच्याच पत्राने यांचं खोटं ठरतंय.

ग्रीसडबा: ते ठरतंच आहे. पण तुम्ही दोघं पुढचं वाचत नाही आहात. चार पन्नास ते नऊ दहा. किती तास झाले?

भाऊजी: सोळा. सोळा वीस.

ग्रीसडबा: किती चालवायचे असतात?

भाऊजी: आठ. आमच्या नियमांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, जाड अक्षरांत. पण माणूस नव्हता त्या आठवड्यात. साहेब म्हणाले, तूच जा. म्हटलं, साहेब, दमलोय. म्हणाले, दमायचं असेल तर मागे टायर धुवायची जागा मोकळी आहे. अकरा दिवस गेलो असा. हे कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते, आणि मी सांगितलं नव्हतं.

ग्रीसडबा: तुम्ही सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं. लेखी. खाली सही, शिक्का. असा संदर्भ मला सहा वर्षांत मिळालेला नाही.

भाऊजी: तुम्हाला गंमत वाटतेय. मी हे साहेबांपुढे वाचून दाखवू? मला उभा चिरतील ते. मी मान खाली घालीन, चूक झाली म्हणेन, महिनाभर टायर धुईन. एकवीस वर्षं असंच निभावलंय.

ग्रीसडबा: मी पण निभावलं. एका इमारतीत लिफ्टची तारेची दोरी झिजली होती. साहेब म्हणाले, तपासणी झाली म्हणून सही कर, दोरी पुढच्या महिन्यात बदलू. मी केली सही. महिनाभर रोज सकाळी त्या इमारतीपाशी जाऊन उभा राहायचो, लिफ्ट नीट खाली येतेय का बघायला. काही झालं नाही. कुणी पडलं नाही. पण लोक विचारतात ना, की हा म्हातारा प्रत्येक वाक्यामागे कागद का मागतो. म्हणून मागतो.

वहिनी: हे तुम्ही कधी बोलला नाहीत, काका.

ग्रीसडबा: याला संदर्भ नाही. कुठे लिहिणार?

भाऊजी: माझ्या गाडीत त्या दिवशी साठ माणसं होती. शेवटच्या फेरीला. तो पहिल्या सीटवालाही होता. माझ्याशी बोलत होता सारखा, ब्रेक असा दाब, तसा दाब. मला राग यायचा त्याचा. पण तो बोलत होता म्हणून मी जागा होतो, वहिनी. हे खरं आहे.

वहिनी: चहा करते.

भाऊजी: चहा नंतर. आधी तो फोटो लावा. पूर्ण. चड्डी, टब, जे काय असेल ते. आणि त्याच्या दोन प्रती काढा, पत्राच्या दोन, नियमांच्या त्या पहिल्या पानाच्या दोन. एक साहेबांना, एक त्यांच्या वरच्यांना. मीही प्लॅस्टिक चढवतो.

वहिनी: नक्की? लावला की मागे नाही घेता येणार.

भाऊजी: गेल्या वेळी न वाचता सही केली. या वेळी वाचून करतो.

ग्रीसडबा: कारण लिहा, बाई. कारण न लिहिता बदललंत तर मला घरी जाऊन परत कापावं लागेल.

वहिनी: लिहिलं. ‘काढलेलं आवश्यक होतं.’ चालेल?

ग्रीसडबा: चालेल.

वहिनी: आता खालची ओळ. भाऊजी, तुम्हीच सांगा. या वेळी मी काही घालणार नाही मनाचं.

भाऊजी: लिहा. ‘सोळा तास वीस मिनिटं बस चालवून घरी आलेला माणूस, जांभई देताना.’

ग्रीसडबा: एक शंका. मधे जेवायला थांबला असाल ना?

भाऊजी: थांबलो होतो. वीस मिनिटं.

ग्रीसडबा: मग सोळा तास.

वहिनी: काका.

भाऊजी: बरोबर आहे त्यांचं. सोळा लिहा. उद्या साहेबांना वीस मिनिटंसुद्धा पकडायला मिळू नयेत.

वहिनी: ‘सोळा तास बस चालवून घरी आलेला माणूस.’ लागला फोटो. मोठा करून बघते एकदा. अगं बाई, भाऊजी, तुमचे पाय किती सुजलेत यात. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरं दिसत नाही ते. खालून बोटभर कापू का?

भाऊजी: नको, राहू देत. दिवसभर तेच तर राबत होते.